चौथ्या प्रश्नाला गप्प

बी.एड.च्या वर्षात चाळीस पाठ घेतले की माणूस मास्तर होतो, असा सरकारचा समज होता. आता सरकारला कोण सांगणार? चाळीस पाठ, चाळीस टाचणं, चाळीस तक्ते. दरवर्षी थंडी पडली की लखनौच्या त्या ट्रेनिंग कॉलेजातून साठ-सत्तर होतकरू मास्तर आणि मास्तरणी काखेत तक्त्यांच्या गुंडाळ्या मारून गावातल्या शाळांवर तुटून पडायच्या. शाळांतले खरे मास्तर त्यांची डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असायचे, कारण बी.एड.वाले आले की त्यांना दीड महिना आराम. आलमबागच्या मिडल स्कूलमधले सातवीचे चंद्रशेखर मास्तर तर पहिल्याच दिवशी वर्गातली खुर्ची उचलून अंगणात उन्हाला ठेवत आणि शेंगा सोलत बसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "नई पीढ़ी को मौक़ा देना चाहिए." नव्या पिढीवर त्यांचा इतका विश्वास होता की ती वर्गात काय करते हे बघायला ते एकदाही आत आले नाहीत.

शैला रामटेकेने हे सगळं पहिल्या आठवड्यातच ओळखलं. ती आलमबागच्याच रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. बाप श्रीपत रामटेके, मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. आई बेबीताई घर सांभाळून क्वार्टरमधल्या बायकांना वाचायला शिकवायची, तेही कुठल्या टाचणाशिवाय. शैला बी.एस्सी. झाली होती, डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. कॉलेजातल्या प्रत्येकाविषयी तिचं एक मत होतं आणि ते चांगलं नव्हतं. शिकवणारे तिला ढ वाटत, शिकणारे त्यांच्याहून ढ, आणि ज्यांच्यावर प्रयोग चालत त्या पोरांचं तर नावच नको. पालथ्या घड्यावर पाणी, असं ती घरी येऊन म्हणायची. असं म्हणताना तिला फार बरं वाटायचं.

त्या सातवीच्या पोरांचीही कमाल होती. विज्ञानाचा पाठ म्हटला की बी.एड.वाले घेणार तो 'उष्णतेने पदार्थ वाढतात' हाच, कारण कॉलेजच्या प्रयोगशाळेत धड चालणारं सामान एवढंच होतं: एक पितळी गोळा, एक कडं आणि स्पिरिटचा दिवा. थंड गोळा कड्यातून जातो, तापवला की अडकतो. पोरांनी हा गोळा त्या हिवाळ्यात सहा जणांच्या हातात अडकलेला बघितला होता. सातव्या वेळी तो अडकला तेव्हाही त्यांनी तोंडाचा चंबू करून "अरे!" म्हटलं. तेवढं म्हटलं की दीदी खूष होते हे त्यांना ठाऊक होतं. एका भांबावलेल्या मुलीला तर मागच्या बाकावरच्या पोराने हळूच सुचवलं होतं, "दीदी, अब चार्ट टाँगिए."

आणि या सगळ्या तमाशाचा कळस म्हणजे चौथा प्रश्न.

टाचणाची रीत अशी की पाठाच्या सुरुवातीला चार प्रश्न विचारायचे. पहिले तीन सोपे, पोरांनी पटापट उत्तरं द्यायची. चौथा असा की तो कुणालाच येता कामा नये. वर्ग गप्प बसला पाहिजे. मग मास्तराने जरा थांबून, जणू आत्ताच सुचलं असं दाखवून म्हणायचं, "तो आओ, आज हम इसी के बारे में पढ़ेंगे." टाचणात चौथ्या प्रश्नासमोर, विद्यार्थ्यांच्या रकान्यात, आधीच लिहून ठेवायचं: निरुत्तर. म्हणजे पोरं अडाणी आहेत हे आदल्या रात्रीच ठरलेलं. ती तशी निघाली नाहीत तर गुण कापले जात. म्हणून बहुतेक जण आदल्या दिवशी वर्गात जाऊन सांगून ठेवत, "चौथे सवाल पर सब चुप." पोरंही मूग गिळून बसत. शैलाला या प्रकाराची शिसारी होती. आपण असली कठपुतळी नाचवणार नाही, आणि नाचवायची गरजही नाही, ही पोरं तशीही गप्पच बसणार आहेत, असं तिचं गणित होतं.

तिने जीव टाकला होता तो फक्त एका गोष्टीसाठी: शेवटच्या पाठाच्या यादीत पहिला नंबर. आणि त्याचं कारण होती नयना आगाशे.

वर्गात मराठी बोलणाऱ्या त्या दोघीच. नयनाचे वडील हेमचंद्र आगाशे एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. नयना तशी वाईट नव्हती. डबा वाटून खायची, वही द्यायची. फक्त तिला आपण काय बोलतो हे कळत नसे, आणि ते कळण्याची तिच्यावर कधी वेळही आली नव्हती. डिसेंबरात एकदा शाळेच्या पायरीवर बसून दोघी डबा खात होत्या तेव्हा ती लोणच्याची फोड चोखत म्हणाली, "तुम्हा लोकांचं बरं असतं बाई. पाठ कसाही होऊ दे, पोस्ट ठरलेलीच. आम्हाला मरमर करावी लागते."

शैलाने पोळीचा घास तसाच धरून ठेवला. तिच्या जिभेवर दहा उत्तरं आली, एकाहून एक जहाल, आणि तिने एकही दिलं नाही. उत्तर द्यायचं ते नोटीस बोर्डावर, सत्तर नावांच्या वर आपलं नाव लावून द्यायचं. मग कुणाच्या बापाची हिंमत होणार नाही म्हणायची की हिला मिळालं ते फुकट मिळालं. त्या दिवसापासून तिला झोपेतही यादी दिसायची.

जानेवारीतला तिचा अडतिसावा पाठ. मागच्या बाकावर मार्गदर्शक गजेंद्र सर, अंगावर शाल, हातात लाल शाईचं पेन. शेवटच्या पाठाला शैला हाच विषय घेणार होती, टाचण मंजूर होऊन सही-शिक्क्यानिशी बाहेरच्या परीक्षकाकडे रवाना झालं होतं, ही त्याची रंगीत तालीम. तीन प्रश्न झाले. पोरांनी झडझडून उत्तरं दिली. शैलाने चौथा टाकला, "रेल की पटरियों के बीच थोड़ी-थोड़ी जगह ख़ाली क्यों छोड़ी जाती है?"

वर्ग सवयीने गप्प झाला. आणि दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

सियादुलारी तिचं नाव. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, भावाचा स्वेटर, आणि आजवर 'यस दीदी'पलीकडे एक शब्द नाही. ती उभी राहिली आणि सांगू लागली की उन्हाळ्यात पटरी तापून लांब होते, जागा नसेल तर वाकते, "साँप जैसी टेढ़ी हो जाती है, दीदी, गाड़ी गिर जाए." तिचा बाप गँगमन होता. जेठातल्या रणरणत्या दुपारी तो मुद्दाम लाइन बघत चालत जातो. थंडीत उलटं, फट रुंदावते, म्हणून आजकाल गाडीचा खडखडाट जास्त येतो. "रात में सुनिएगा. बप्पा ने सुनवाया था."

शैला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये बावीस वर्षं राहिलेली. थंडीत गाडी जास्त खडखडते हे तिच्या कानांनी कधी टिपलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती टाचण विसरली. "आणि?" असं ती चक्क मराठीत म्हणाली. अडतीस पाठांत पहिल्यांदाच वर्गात कुणी कुणाला काहीतरी शिकवलं होतं. पोरगी पाच मिनिटं बोलली. पोरं वळून वळून तिच्याकडे बघत होती. गोळा आणि कडं टेबलावर थंड पडून राहिलं.

पाठ संपल्यावर गजेंद्र सरांनी वही परत दिली. लाल शाईत लिहिलं होतं: 'समस्यात्मक प्रश्न असफल. छात्रा ने उत्तर दे दिया.'

"सर, उत्तर सही था," शैला म्हणाली.

"इसीलिए तो ग़लत है," सर शाल सावरत म्हणाले. "आपने बच्चे को मौक़ा ही क्यों दिया? फ़ाइनल में ऐसा हुआ तो दस नंबर गए समझिए. पहला स्थान तो भूल ही जाइए." टाचण बदलता येईल का, असं तिने विचारलं. शिक्का मारलेलं टाचण बदलायला प्राचार्यांकडे अर्ज, विद्यापीठाची परवानगी आणि एक नवा जन्म लागला असता. सर एवढंच म्हणाले, "बदलना क्या है? बच्ची को समझा दीजिए."

बाहेर उन्हात चंद्रशेखर मास्तरांनीही मदतीचा हात पुढे केला. "उस दिन उसको छुट्टी दे देते हैं. हम हर साल दो-चार को दे देते हैं." ते दरवर्षी ढ पोरांना घरी पाठवत, हुशार पोरीला घरी पाठवायची पाळी पहिल्यांदाच आली होती, पण त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही. शैलाने त्यांना तोडूनच टाकलं. असलं घाणेरडं काम मी करणार नाही म्हणाली. मास्तरांनी खांदे उडवले आणि पुढची शेंग फोडली.

संध्याकाळी चहा पिताना तिने ही सगळी हकिकत घरी सांगितली. एकेकाची नक्कल करून सांगितली. शाल, शेंगा, लाल शाई. बेबीताई पोट धरून हसली. श्रीपत हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बरोबर सांगतलं पोरीनं," ते म्हणाले. "गँगमनच्या पोरीले नाही समजणार तं कोणाले समजणार? मंग आता तू काय करशील?"

"काय करणार? सांगेन तिला, त्या दिवशी नको बोलूस."

"गप्प बस म्हणून सांगशील?"

"एकच दिवस, बाबा. माझं वर्ष आहे त्यात. आणि तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तिला स्वतःलाच टोचलं, पण ते परत घेतलं तर आधीचंही परत घ्यावं लागलं असतं. श्रीपतांनी बशी उचलून उरलेला चहा संपवला. कारखान्यात तीस वर्षं साहेबांनी त्यांना हेच सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना ते नवीन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने सियादुलारीला पिंपळाखाली गाठलं. गोड बोलायचं तिला जमत नसे, पण त्या दिवशी जमवलं. खांद्यावर हात ठेवला. "बुधवार को बड़े साहब आएँगे. चौथे सवाल पर तू चुप रहना. हाँ?"

"मैंने ग़लत बताया था, दीदी?"

"नहीं. बिल्कुल सही बताया था."

"तो?"

आता काय सांगावं? पाठ घ्यायला आलेल्या पदवीधर बाईला त्या 'तो'पुढे पाय ठेवायला जागा मिळेना. शेवटी ती म्हणाली, "परीक्षा है."

"किसकी?"

"मेरी."

"अच्छा," पोरगी म्हणाली. तिने मान डोलावली आणि पाणी प्यायला निघून गेली. किती सोपं होतं, असं शैलाच्या मनात आलं. आणि आपण वर्गाला नाही, एकीलाच सांगितलं, तेही खरं कारण सांगून, म्हणजे आपण इतरांसारख्या नाही, अशी तिने स्वतःची समजूतही घातली. माणसाला स्वतःची समजूत घालायला टाचण लागत नाही.

बुधवार उजाडला. परीक्षक फैजाबादेकडून आले होते. मफलर, बंद गळ्याचा कोट, आणि खिशातून सारखी काढून चघळायची लवंग. एका सकाळीत त्यांना नऊ पाठ बघायचे होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. हे शितही चाखत नव्हते, झाकण उघडून वास घेत होते. नयनाचा पाठ आधी झाला होता. तिचा तक्ता दोनदा भिंतीवरून पडला, पोरं हसली आणि ती रडवेली होऊन बाहेर आली. शैलाने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि मनातल्या मनात एक नाव आपल्या खाली सरकवलं.

शैला सुंदर शिकवायची, हे खरंच होतं. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं, वर्गावर नजर अशी की माशी उडाली तरी दिसावी. तीन प्रश्न झाले. तिने चौथा विचारला आणि ती थांबली. वर्ग गप्प. सियादुलारी दोन्ही हात बाकावर ठेवून समोर बघत होती. परीक्षकांनी समाधानाने कागदावर खूण केली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण परीक्षकांना वाटलं, आपणही काही करावं. ते उठून पुढे आले, लवंग गालात सारली आणि नेमकं दुसऱ्या बाकाकडे बोट केलं. "तुम. खड़ी हो जाओ. पटरी वाली बात का जवाब सोचो. कुछ तो सोचो."

सियादुलारी उभी राहिली. तिने परीक्षकांकडे बघितलंच नाही. ती शैलाकडे बघत होती, सरळ, विचारत: सांगू?

नुसती मान हलवायची होती. दहा गुण गेले असते, पहिला नंबर गेला असता, पाचवा-सहावा आला असता. शैलाने खाली बघून गोळ्याची साखळी सारखी केली.

"नहीं आता," पोरगी म्हणाली.

"बाप क्या करता है?"

"रेल में हैं. गैंगमैन."

परीक्षक खो-खो हसले. वळून गजेंद्र सरांना म्हणाले, "लीजिए! बाप ज़िंदगी भर पटरी ठोकता है और बेटी को पटरी का पता नहीं. ऐसे घरों से और क्या आएगा?" सर हसले. सर हसले म्हणून पोरं हसली. सगळा वर्ग, ज्याने आठवड्यापूर्वी तिच्या तोंडून ते उत्तर पाच मिनिटं ऐकलं होतं तोच वर्ग, हसला. सियादुलारीचे कान लाल झाले. ती खाली बसली.

शैलाच्या अंगातून ती लाज आरपार गेली. 'ऐसे घरों से' हे तिला नवीन नव्हतं. फक्त आजवर ते तिच्याबद्दल बोललं जायचं आणि आज ती बोलणाऱ्यांच्या बाजूला उभी होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं, साहेब, हिला येतं, मीच हिला गप्प केलंय. तिने खडू उचलला. आणि ती म्हणाली, "तो आओ, आज हम इसी के बारे में पढ़ेंगे."

मग दिवा पेटला, गोळा तापला, कड्यात अडकला, पोरांनी "अरे!" म्हटलं. पाठ असा रंगला की परीक्षक शेवटपर्यंत बसून राहिले. उजळणीच्या वेळी शैलाने पुन्हा पटरीचा प्रश्न विचारला. आता उत्तर द्यायला मोकळीक होती, टाचणातच तसं होतं. चाळीस हात वर गेले. एक गेला नाही. शैलाने बाकी सगळे हात डावलून नाव घेतलं, "सियादुलारी, तू बता." आवाजात तिने शक्य तेवढी माया घातली. आता सांग, सगळ्यांच्या तोंडावर मार, मीही सुटते आणि तूही सुटतेस, असं तिचे डोळे सांगत होते.

सियादुलारी उठून उभी राहिली. "नहीं आता, दीदी."

"अभी तो पढ़ाया," शैला म्हणाली. "सोच के बता."

"नहीं आता."

परीक्षकांनी हात उडवला. "छोड़िए, छोड़िए. आपने अपना काम कर दिया. कुछ बच्चों का कुछ नहीं हो सकता." शेजारच्या पोराने धडाधड उत्तर दिलं, गोळा-कडं-पटरी सगळं जोडून. परीक्षकांनी उठताना गजेंद्र सरांना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, इतकी चांगली टीचर या वर्षी बघितली नाही. कच्च्या पोरांकडूनही काम काढून घेते. शंभरात अठ्ठ्याऐंशी. गजेंद्र सर म्हणाले, पहिला नंबर पक्का.

व्हरांड्यात नयना वाट बघत उभी होती. डोळे अजून सुजलेले. तिने शैलाचे दोन्ही हात धरले. "मी दारातून सगळा पाठ बघितला गं. मी तुला मागे काहीतरी बोलले होते, मूर्खासारखं. ते मी परत घेते. जे मिळालंय ते तुझं आहे, कुणी दिलेलं नाही." ती मनापासून बोलत होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती. याच वाक्यासाठी शैलाने दोन महिने रक्त आटवलं होतं. तिने हात सोडवून घेतले आणि काहीतरी पुटपुटून ती अंगणात गेली.

सुट्टी झाली होती. सियादुलारी दप्तर खांद्याला लावून फाटकाकडे निघाली होती. शैला जवळजवळ धावतच गेली आणि तिच्यासमोर उभी राहिली. माफी मागायची असं ठरवून गेली होती, पण तोंडातून निघाला तो जाबच, मास्तरणीचा.

"आख़िर में क्यों नहीं बताया? तब तो बता सकती थी. मैंने ख़ुद तेरा नाम लिया था."

पोरीने तिच्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. लहान मुलाला दुसऱ्यांदा समजावून सांगताना मोठी माणसं करतात तसला चेहरा होता.

"तब बताती तो सब कहते कि आपने सिखाया है," ती म्हणाली. "मुझे तो बप्पा ने सिखाया है."

आणि ती शैलाला वळसा घालून फाटकाबाहेर गेली. चंद्रशेखर मास्तर खुर्ची उचलून वर्गात नेत होते. जाता जाता थांबून त्यांनी विचारलं, "फ़र्स्ट आईं न, बहनजी?" ती हो म्हणाली.